तेलाचं वय

लग्नाच्या पंगतीत डॉक्टर शेजारी बसला की लोक दुखणी काढतात. माझ्या शेजारी बसले की गाडीची काढतात. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये वंगणाच्या कामात माझी हयात गेली, हे आमच्या टाउनशिपच्या सेक्टरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे वरणभातावर तूप पडायच्या आत प्रश्न येतो, "काका, ऑइल किती किलोमीटरवर बदलायचं? कंपनी म्हणते दहा हजार, मेकॅनिक म्हणतो पाच हजार." मी उलट विचारतो, "गाडी जाते कुठे?" विचारणाऱ्याला वाटतं, काका उत्तर टाळताहेत.

खरं तर माझ्या कामात तारीख बघून तेल बदलायची सवयच नव्हती. मोठ्या गिअरबॉक्सचं, हायड्रॉलिकचं तेल हजारो लिटरमध्ये असतं. मुदत संपली म्हणून ते ओतून देणं परवडणारं नाही. स्वच्छ बाटलीत नमुना काढायचा, चिठ्ठी लावायची, प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे चाळीस अंशांवर दाटपणा मोजतात, पाणी किती आहे ते बघतात, कोणता धातू उतरलाय ते तपासतात. लोखंड वाढलं तर गिअरचे दात झिजताहेत. तांबं, कथील दिसलं तर बेअरिंगकडे बघा. सिलिकॉन म्हणजे बाहेरची धूळ आत शिरतेय. रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही इंजिनाच्या तेलाची अशीच तपासणी होते. एखाद्या टाकीतलं तेल वर्षानुवर्षं चालायचं, तर दुसरीतलं पाणी शिरलं म्हणून आठवड्यात काढावं लागायचं.

कारच्या चेंबरमध्ये जेमतेम तीन-चार लिटर तेल. त्याची तपासणी करत बसण्यापेक्षा ते बदललेलं स्वस्त. म्हणून कंपन्यांनी सोपा हिशेब लावून दिला: किलोमीटर मोजा. हा अंदाज आहे, आणि बहुतेकांना तो पुरतो. तो कुणाला पुरत नाही, हे मला प्रयोगशाळेत कळलं नाही. ते माझ्याच गाडीने शिकवलं.

नव्वदच्या दशकात मी सेकंडहँड मारुती ८०० घेतली. दर पाच हजारांवर तेल बदलायचं असं वहीत लिहिलं आणि नेमाने पाळलं. गाडी जायची क्वार्टरपासून प्लांटच्या बोरिया गेटपर्यंत आणि परत. संध्याकाळी सिव्हिक सेंटर, फार तर सुपेल्याचा बाजार. एका खेपेला तीन-चार किलोमीटर. पाच हजार भरायला दीड-दोन वर्षं लागायची, पण वही सांगायची सगळं ठीक आहे.

एका डिसेंबरात तेल भरायचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला फिकट पिवळी साय. हेड गॅस्केट गेलं असं वाटून रेडिएटर बघितला, पण पाणी जिथल्या तिथे होतं. मेकॅनिकने टॅपेट कव्हर खोललं. खाली काळा गाळ, बोटाने खरवडला तर काकवीसारखा चिकट. तो छत्तीसगढीत म्हणाला, "तेल ह चिखला होगे हे, भइया." चिखल हा शब्द त्याचाही आणि आपलाही, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांचं तेल तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचं तेल फक्त वहीत तपासलं होतं.

त्याच मेकॅनिककडे दुर्ग-नागपूर धावणारी एक टॅक्सी यायची. आठ-नऊ हजार किलोमीटर झाले तरी तिचं टॅपेट कव्हर आतून तांबूस, स्वच्छ.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ धुरातून बाहेर जाते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. इंजिन थंड असताना थोडं कच्चं पेट्रोलही तसंच झिरपतं. तेल चांगलं तापलं की दोन्ही उडून जातात. पण तेल तापायला रेडिएटरच्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मीटरचा काटा मधोमध आला म्हणजे तेलही तापलं असं नाही. त्याला दहा-पंधरा मिनिटं सलग चालणं लागतं. मी तर त्याआधीच प्लांटच्या पार्किंगमध्ये असायचो. टॅक्सीचं इंजिन एकदा तापलं की नागपूरपर्यंत तापलेलं, आणि तेल आपोआप सुकलेलं. तिचे नऊ हजार माझ्या तीन हजारांपेक्षा हलके होते. शिवाय सुपेल्याच्या रेल्वे फाटकावर इंजिन चालू ठेवून मी जी मिनिटं काढली, ती किलोमीटरच्या आकड्यात आलीच नाहीत.

लोक रंगावर जातात. तेल काळं दिसलं की घाबरतात. खरं तर चांगल्या तेलात धुण्याचं रसायन असतं; ते काजळी धरून ठेवतं, इंजिनावर बसू देत नाही. डिझेल गाडीत नवं तेल काही दिवसांतच काळं होतं आणि तरी नीट काम करतं. रंगापेक्षा टीपकागद जास्त सांगतो. गरम इंजिनाचा तेल मोजायचा गेज ओढून एक थेंब टीपकागदावर सोडा, रात्रभर राहू द्या. डाग मधून कडेपर्यंत सारखा करडा पसरला तर काजळी अजून तरंगते आहे. मधोमध दाट काळा ठिपका आणि भोवती एकदम स्वच्छ वर्तुळ दिसलं तर तेलाची धरून ठेवायची ताकद संपली. कड कातरल्यासारखी वेडीवाकडी असेल तर पाण्याचा संशय घ्या. ही प्रयोगशाळेची बरोबरी नाही, पण नुसत्या डोळ्यांपेक्षा बरी.

डिझेलवाल्यांना आणखी एक सांगतो. २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांमध्ये बहुधा काजळीची गाळणी असते. ती जाळून साफ करताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं, आणि छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहिलं की डिझेल तेलात उतरतं. गेजवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका; ते तेल पातळ झालंय.

उलट टोकाचेही लोक भेटतात. गाडी नेहमी हायवेवर धावते, तरी दर तीन महिन्यांनी तेल बदलतात आणि काळं ऑइल घरी नेतात: वाळवीसाठी दाराला, स्लॅबच्या फळ्यांना, उरलेलं नालीत. वापरलेलं तेल सरकारी नियमांत घातक कचरा धरलं जातं. ते नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण कारखान्यात जायला हवं. गरज नसताना बदललेलं तेलही शेवटी कुठेतरी ओतलं जातंच.

गाडीसोबत मिळणारी पुस्तिका आपण डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली ठेवतो. तिच्यात बहुतेकदा दोन कोष्टकं असतात: एक साध्या वापराचं, दुसरं कठीण वापराचं. कठीण म्हटलं की डोळ्यांसमोर लडाखचा घाट येतो. पण यादी वाचा: वारंवार छोट्या फेऱ्या, उभ्या उभ्या चालू इंजिन, धुळीचा रस्ता, भयंकर ऊन. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत धुळीच्या रस्त्याने चार किलोमीटरची फेरी मारणारी आपली टाउनशिपची गाडी त्या यादीत नाव न घेता लिहिलेली आहे.

म्हणून पंगतीतल्या प्रश्नाला आता माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी हायवेवर धावत असेल तर पुस्तिकेतला आकडा पूर्ण वापरा, त्यापुढे जाऊ नका. सेक्टरातच फिरत असेल तर आकडा निम्मा करा, आणि किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी तेल काढा, फिल्टरसकट. तेल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. इथला उन्हाळा कडक म्हणून जाड तेल भरू नका. आणि उद्या सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागी गेज ओढून बघा. दोन खुणांच्या मध्ये तेल आहे की नाही, हे कुठल्याच किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही.