कडू घोट

कडू चवीशी आपला व्यवहार मोठा हिशेबी असतो. वर्षातून दोनदा आपण तिचा मान राखतो. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, तीही ओवा, मीठ, हिंग आणि गूळ यांच्या सोबतीने. आणि नरक चतुर्दशीला डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडलेल्या कारिटाचा एक थेंब जिभेला. तेवढे झाले की फराळाच्या ताटाकडे धाव. दारी आलेल्या याचकाला चिमूटभर पीठ घालून वाटेला लावावे, तशी ही रीत. कारल्याचेही तेच. आधी मीठ चोळून त्याचे पाणी पिळायचे, मग वर चिंचगूळ घालायचा. कारल्यात कारले उरू नये अशी सगळी तजवीज!

भाषेनेही या चवीची थोडी गल्लत केली आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट रस. कडुनिंबाचा आणि काडेचिराइताचा तो ‘तिक्त’. मराठीत येता येता ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि त्याने तिक्ताची जागा बळकावली. ज्याच्याकडे कोणी नीट वळून पाहत नाही, त्याचे नाव असेच बदलून जायचे.

मी स्वतः वळून पाहिले ते गेल्या दिवाळीत, आणि तेही एका बेल्जियन बिअरच्या निमित्ताने. दिवाळी अंकात बिअर म्हटल्यावर काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पडो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची छाया अजून आपल्या राज्यावर आहे, आणि म्हणून पुतण्याने आम्हा दोघा म्हाताऱ्यांसाठी एक दिवसाचे परवाने रीतसर काढून ठेवले होते. सरकार आणि संस्कृती या दोहोंपैकी निदान एकाची तरी संमती होती.

पुतण्या लुव्हेनला असतो. त्याने आणलेल्या बाटलीवर टोकदार टोपी घातलेला एक दाढीवाला बुटका होता आणि नाव होते ‘ऊब्लों शूफ’. आर्देन्सच्या डोंगराळ भागात आशूफ नावाचे लहानसे खेडे आहे. तिथे दोघा मेहुण्यांनी १९८२ साली बिअरचा कारखाना काढला. ही बिअर मात्र २००६ ची. ऊब्लों म्हणजे हॉप. हा एक वेल आहे, आणि नात्याने आपल्या भांगेचा भाऊबंद. त्याच्या मादी वेलीला हिरवट, खवल्याखवल्यांची बोंडे येतात. त्यांच्या पोटात पिवळी चिकट पूड असते. ती जवाच्या रसात उकळली की कडूपणा उतरतो, आणि शेवटी शेवटी घातली की उतरतो तो वास. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हा वेल लावतात.

बाटलीवर आणखी तीन अक्षरे होती: आय. पी. ए. म्हणजे इंडिया पेल एल. विलायतेहून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्यांसाठी बिअर निघायची, ती महिनोन्‌महिने जहाजात. हॉपने नासवणाऱ्या जंतूंना आळा बसतो, म्हणून या बिअरमध्ये तो सढळ हाताने घालीत. त्या कडू बिअरला पुढे हिंदुस्थानचे नाव चिकटले. बेल्जियनांनी आपल्या जुन्या दणकट ‘ट्रिपेल’ला ही हिंदुस्थानी फोडणी दिली, आणि असा फेरा घेऊन ते नाव डोंबिवलीस आले. साध्या लागर बिअरमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास मद्य असते, हिच्यात नऊ.

आता दादाविषयी सांगायला हवे. आमच्या घरात नाक होते ते दादालाच. आंब्याची पेटी उघडली की कोणता आंबा उद्याचा आणि कोणता परवाचा, हे तो वासावरून सांगे. फोडणी करपण्याआधी गॅलरीतून ओरडे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला, त्यातून उठला, पण वास गेला तो परत आलाच नाही. जिभेला बिचारीला गोड, आंबट, खारट, कडू आणि रस्सेदार पदार्थांतली ती एक मांसल चव, एवढेच कळते. उरलेले सगळे राज्य नाकाचे. दादाला लाडू गोड लागतो. पण तो बेसनाचा की रव्याचा, हे दातांना विचारावे लागते. तूप, वेलदोडा, खमंगपणा सारे गेले. वरवर तो थट्टा करतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा उग्र दर्प नवा नाही. २०१४ साली तर इथे हिरवा पाऊस पडला होता. “या गावात राहायला माझ्याइतका लायक माणूस नाही,” असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. पण जेवताना तो आता पानाकडे बघत नाही. काय वाढू म्हटले तर “काहीही” म्हणतो. वहिनींना हा शब्द फार लागतो.

नरक चतुर्दशीची संध्याकाळ. पहाटे फडके रोडवर नटूनथटून जमलेली तरुण गर्दी केव्हाच पांगली होती. पुतण्याने बाटली शीतपेटीतून काढून पंधरा मिनिटे तशीच ठेवली. फार गार असली तर वास दबतो, म्हणाला, आणि म्हणता म्हणता वडिलांकडे बघून ओशाळला. दादा म्हणाला, “अरे, काकाला नाक आहे ना? तो घेईल वास, मी पितो. काका सांगेल काय काय आहे ते.”

असे काम मला आयुष्यात कोणी दिले नव्हते. सुगंधी, सुवासिक, घमघमाट, खमंग असली उत्सवी विशेषणे पुष्कळ आहेत. पण दादाला ती कशी चालणार? त्याला हवा होता पत्ता.

बिअर पेल्यात पडली. वर ताकाच्या लोण्यासारखा दाट पांढरा फेस; खाली गढूळ सोनेरी रंग, कारण ही गाळलेली नसते, बाटलीतच पुन्हा आंबते. मी पेला नाकाशी नेला. “पपनस,” मी म्हणालो. “आतली फोड नव्हे, साल. सोलताना नखांत राहते ती.” दादाने डोळे मिटले. “पुढे?” पुढे ताज्या कापलेल्या गवताचा वास होता, पण घोडबंदरच्या बाजूला पावसाळ्यानंतर कापतात त्या गवताचा, जरा राळेसारखा. मग मिरी. लवंगेचा एक खडा. आणि अगदी तळाशी पिकलेले केळे. लवंग आणि केळे ही त्या बेल्जियन किण्वाची देणगी, हॉपची नव्हे, असे पुतण्याने मध्येच सांगितले. कडुनिंबाला मोहोर येतो तेव्हा चैत्रातल्या रात्री जो गोडसर वास सुटतो, त्याचीही एक झुळूक मला लागली. ती खरीच होती की दादाला द्यावीशी वाटली, कोण जाणे.

मी घोट घेतला. आधी गोडी येते असे वाटते, पण ती नुसती हूल. या जातीच्या बिअरमध्ये साखर घालतात खरी, पण किण्व ती सगळी खाऊन टाकते. मागे राहते ताकद आणि कोरडेपणा. मग तोंडात ऊब पसरते, आणि ती ओसरता ओसरता कडू वर येऊ लागते. कारिटाचे कडू थप्पड मारून पळते. लहानपणी हिवतापात घेतलेल्या कोयनेलचे कडू धातूसारखे, परके. हे कडू मोसंब्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागासारखे. गूळ मागत नाही. घोट उतरल्यावरही ते अर्धा मिनिट वाढतच जाते.

दादाने घोट घेतला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आधी काही नाही. मग सुया. मग कढत. मग कडू. आधी कडेला, नंतर मागे, घशाच्या तोंडाशी.” थांबला. “अजून आहे.” आणखी थोड्या वेळाने बोटाने टेबलावर टकटक करीत म्हणाला, “अजून आहे रे!”

मी चपापलो. वासांच्या नादात मला त्या कडूचे एवढे टप्पे दिसलेच नव्हते. पुन्हा घोट घेतला, आणि तो म्हणतो तसेच होते. आधी कडेला, नंतर मागे. पपनस, मिरी, लवंग ही माझी एकट्याची. हे मात्र त्याच्याही तोंडात तेवढेच होते.

दादाने पेला पुढे केला. “थोडी दे अजून.” स्वयंपाकघराच्या दारात वहिनी झारा हातात घेऊन उभ्या होत्या. “भाऊजी, ह्यांनी काय मागितलं?” त्यांनी विचारले. पुतण्याने बाटलीच्या तळाचा गाळ हलवून उरलेली बिअर पेल्यात ओतली. त्यात मद्य नऊ टक्के आहे याची आठवण करून द्यायला हवी होती. कोणी दिली नाही.

“ती पपनसाची साल,” दादाने विचारले, “हिरवी की पिवळी?”

मी पेला त्याच्या हातातून घेतला, पुन्हा नाकाशी धरला.

“हिरवी,” मी म्हणालो. “देठाकडची.”