बावधनचा हिरवा चहा

बावधन म्हटलं की आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या बायकांना वाईजवळचं बावधन आठवतं. रंगपंचमीला बगाड निघतं, ते. त्यामुळे "आठ दिवस बावधनला चाललेय" असं मी शेजारी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "अगं, यात्रा तर केव्हाच झाली!" हे बावधन वेगळं, मैत्रिणींनो. हे पुण्याचं, मुळशी तालुक्यातलं. सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या ज्या गाड्या पुण्यात न शिरता बाहेरूनच जातात, त्यांच्यातून चांदणी चौकात उतरायचं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुरुंग लावून पाडला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिथे नवे पूल खुले झाले. वर रस्ता, खाली रस्ता, मधून आणखी एक. आषाढातल्या पावसात हळदीची, बेदाण्याची नि भडंगाची पिशवी सांभाळत मी त्या चक्रव्यूहात चांगली वीस मिनिटं उभी होते.

खरं सांगू? मी काही आनंदाने निघाले नव्हते. आमच्या सासूबाई नऊ वर्षं माझ्याकडे होत्या. थोरले दीर आणि वहिनी तेव्हा जपानात, तोक्योच्या निशी-कासाई भागात. आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं तिथे राहतात. दोन वर्षांपूर्वी आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, पुण्यात शस्त्रक्रिया झाली. ती मंडळी जपान सोडून परत आली, आणि आई बावधनलाच राहिल्या. झालं! आता जो तो म्हणतो, "थोरलीनं बघा, परदेश सोडला सासूसाठी." माझी नऊ वर्षं कुणाच्या खिजगणतीत नाहीत. तुमच्यापैकी ज्या धाकट्या सुना असतील त्यांना हे वेगळं सांगायला नकोच.

बावधन मात्र बघण्यासारखं आहे. गॅलरीत उभं राहिलं की एका बाजूला हिरव्यागार टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला उंचच उंच इमारती. मधून रामनदी वाहते. भूगावच्या बाजूच्या खाटपेवाडीला ती उगम पावते आणि बावधन, पाषाण करत पुढे मुळेला मिळते. नदी म्हणायला जीव धजत नाही इतकी तिची दशा झालीय, पण पावसाळ्यात पाणी खळाळताना पाहिलं की तिला नदीच म्हणावंसं वाटतं. बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, तरी तिथल्या जुन्या बायका अजून "गावात जाऊन येते" असंच म्हणतात.

पहिल्याच दुपारी मी चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोन भांडी. एकात आईंचा आल्याचा, दाट दुधाचा चहा. दुसऱ्यात नुसतं पाणी. मी सवयीनं पत्तीचा डबा उघडला, तर वहिनींनी माझा हातच धरला. "थांब. हे पाणी आधी निवू दे." निवलेल्या पाण्याचा चहा! आपण तर चहाला रटरट उकळी नाही आली तर पाहुणा काय म्हणेल या चिंतेत असतो.

फळीवर पाच-सहा डबे होते. सगळा जपानचा हिरवा चहा, पण प्रत्येक निराळा. झाड मात्र एकच, आपल्या आसाम-दार्जिलिंगच्या चहाचंच. फरक पुढच्या करणीत. आपल्या काळ्या चहाची पानं चुरगळून हवेवर काळी पडू देतात. जपानात पान खुडल्याबरोबर अर्धा-पाऊण मिनिट वाफवतात, म्हणजे हिरवा रंग तसाच राहतो. मग वळून वळून सुयांसारखं वाळवतात. ही रीत क्योतोजवळच्या उजी भागातल्या नागातानी सोएन नावाच्या शेतकऱ्यानं १७३८ मध्ये बसवली, असं तिथे मानतात. त्या चहाला 'सेंचा' म्हणतात, आणि रोजच्या पिण्यातला तोच. नवं वर्षाचं पहिलं पान मे महिन्याच्या सुरुवातीला खुडतात. वसंत लागल्यापासून अठ्ठ्याऐंशी दिवस मोजायचे, की पहिली खुडणी. म्हणजे साधारण आपल्या अक्षय्य तृतीयेच्या आसपास.

आता कृती सांगते, कारण तुम्ही तीच विचारणार. दोघींसाठी दोन सपाट चमचे पत्ती आणि एक मोठी वाटीभर, म्हणजे पावणेदोनशे मिली, पाणी. पाणी उकळवून गॅस बंद करायचा. मग ते एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पेल्यात असं ओतायचं. दर ओतण्याला ते साधारण दहा अंशांनी उतरतं. दोन-तीनदा ओतलं की सत्तर-पंचाहत्तरवर येतं. थर्मामीटर नको नि काही नको. ते पाणी पत्तीवर घालून एक मिनिट झाकायचं आणि गाळायचं. दुसऱ्यांदा त्याच पत्तीवर जरा गरम पाणी घालायचं आणि लगेच ओतायचं. वहिनींकडे बाजूला मूठ असलेली मातीची छोटी किटली आहे, पण आपली स्टीलची झाकणाची चरवी आणि बारीक गाळणं पुरतं. उकळतं पाणी घातलंत तर मात्र कडूजहर होईल, मग मला बोल लावू नका.

ओतायचीही रीत आहे. एक पेला भरून दुसरा भरायचा नाही. थोडं इथे, थोडं तिथे, पुन्हा इथे, म्हणजे सगळ्यांना सारखा कस मिळतो. पंगतीत कटाची आमटी वाढताना आपण तळ ढवळून वाढतो ना, तसंच. शेवटचा थेंबसुद्धा झटकून ओतायचा. सगळा अर्क त्यातच असतो म्हणे.

आणि चव? पहिला घोट घेतल्यावर मला वाटलं, वहिनींनी पालक वाफवलेलं पाणी दिलं! तोंड मी सरळ ठेवलं, पण वहिनी हसल्या. "मलाही सहा महिने असंच वाटायचं." तिसऱ्या दिवशी मात्र घोट गिळल्यावर मागे जी गोडी राहते ती मला सापडली. कोवळे मटार सोलताना तोंडात टाकतो ना, तशी.

पाण्याचा एक धडा आणखी. वहिनींच्या सोसायटीत बोअरचं नि टँकरचं पाणी येतं. एकदा त्यांनी त्या पाण्याचा आणि गाळणयंत्रातल्या पाण्याचा असे दोन पेले शेजारी शेजारी ठेवले. बोअरच्या पाण्यातला चहा मळकट पिवळा, वर साय धरल्यासारखा तवंग, चव बोथट. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, त्या पाण्याला धरूनच तो चहा घडलाय. आपल्या दुधाच्या चहात जड पाणी खपून जातं, इथे सगळं उघडं पडतं. डाळ शिजत नाही ते पाणी या चहालाही नको, एवढं लक्षात ठेवा.

एका सकाळी आम्ही दोघी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन आलो. जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवरून ते केलं आहे. झुळझुळ ओढा, हिरवळीचे उंचवटे, छोटे पूल. ओकायामाच्या मूळ बागेत चहाचा एक लहानसा मळाही आहे, हे वहिनींनी सांगितलं. आपल्याकडच्या बागेत मळा नसला तरी तिथल्या बाकावर बसून थर्मासमधला 'गेन्माइचा' प्यायला काही हरकत नव्हती.

हा गेन्माइचा तुम्हाला नक्की आवडेल. हिरव्या चहात भाजलेले तांदूळ मिसळलेले असतात, काही फुटून लाह्या झालेले. आणलेला संपला म्हणून वहिनी आता घरीच करतात, तोही मुळशीच्या आंबेमोहोराचा! तांदूळ धुऊन दोन तास भिजवायचे, निथळून फडक्यावर कोरडे करायचे आणि लोखंडी कढईत मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजायचे. गार झाले की वजनाला तेवढीच साधी हिरवी पत्ती मिसळायची. याला पाणी निवायची वाट बघावी लागत नाही, कढत घालून अर्ध्या मिनिटात गाळायचं. वास अगदी आजोळी भट्टीवर लाह्या फुटायच्या तसा.

'माच्चा' म्हणजे पानांची पूड. सावलीत वाढवलेली पानं दगडी जात्यावर दळतात. तासाभरात जेमतेम चाळीस ग्रॅम निघते, म्हणून ती महाग. बांबूच्या रवीनं घुसळून फेस आणतात आणि आधी काहीतरी गोड खातात. आम्ही नारळाची वडी खाल्ली. त्यांचे चहाचे सोहळे, सोळाव्या शतकातले त्यांचे गुरू सेन नो रिक्यू, हे सगळं वहिनींनी सांगितलं. मला मनापासून आवडली ती रवी. बाकी एवढं गुडघ्यावर बसणं आपल्याला कुठलं जमायला!

आई मात्र या सगळ्यापासून लांब. "उकडलेलं गवत" हे त्यांनी ठेवलेलं नाव. गवती चहा चालतो, हा चालत नाही! मी म्हटलं, "अहो आई, पुण्यात एकेकाळी साधा चहासुद्धा चालत नव्हता." १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्याची बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा पुढे आला. कुणी प्यायले, कुणी नुसताच पेला हातात घेतला. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि केवढा गहजब झाला. टिळक, रानडे कुणी सुटलं नाही, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत ते सारं लिहून ठेवलंय. आई म्हणाल्या, "मग मी कशाला घेऊ प्रायश्चित्त?" यावर काय बोलणार!

फळीवरचा सगळ्यात मागचा डबा वहिनी कधी उघडत नव्हत्या. पाचव्या दिवशी मी विचारलं. त्यात 'ग्योकुरो' होता. खुडण्याआधी वीसेक दिवस मळ्यावर आच्छादन घालून उन्हापासून जपलेला, सगळ्यांत उंची चहा. पन्नास-साठ अंशांचं कोमट पाणी, तेही दोन-चार घोट होईल एवढंच, आणि दोन-अडीच मिनिटं. उरलेली पानं मीठ-लिंबू लावून खातात सुद्धा. निशी-कासाईच्या शेजारच्या आजींनी निघताना हा डबा वहिनींच्या हातात ठेवला होता. वहिनी दोन वर्षं तो जपून होत्या. काहीतरी खास निमित्तानं उघडू म्हणून.

"उघडू या," त्या म्हणाल्या. उघडला, आणि दोघी गप्प झालो. पानं पिवळट पडलेली. वास जुन्या वहीसारखा. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि फळी गॅसच्या वर, फोडणीच्या वाफेत. हिरवा चहा हा नाशवंत माल, बरं का. उघडल्यावर महिन्याभरात संपवावा. न उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये ठेवावं, पण बाहेर काढल्यावर ते पूर्ण साध्या तापमानाला आल्याशिवाय कापू नये, नाहीतर आत पाणी सुटतं. हे सगळं वहिनींना ठाऊक होतं. तरी राहिलं. माझं लग्नातलं पैठणीचं पोलकं असंच घडीवर विरलं.

वहिनी टाकून द्यायला निघाल्या. मग एकदम थांबल्या आणि लोखंडी तवा गॅसवर ठेवला. शिळी पत्ती मंद आचेवर भाजली की तिचा 'होजिचा' होतो, असं त्याच आजींनी शिकवलं होतं. पत्ती सतत हलवत राहायचं, चार-पाच मिनिटांत ती तपकिरी होते. लगेच ताटात पसरायची, तव्यावर ठेवली तर करपते. मी उलथनं फिरवत होते. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिकडे रोज रात्री वाटायचं, तू एकटी करतेयस. आज कळवते, उद्या कळवते, असं करत नऊ वर्षं गेली." मी काही बोलले नाही. पत्ती हलवत राहिले.

घरभर खरपूस वास सुटला. आतून काठीचा आवाज आला. आई दाराशी उभ्या. "काय भाजताय गं दोघी? नाचणी?"

वहिनींनी कढत पाणी घालून अर्ध्या मिनिटात गाळलं आणि तीन पेले भरले, थोडं इथे, थोडं तिथे. भाजल्यामुळे कडूपणा गेलेला, रंग लालसर. होजिचात उत्तेजकही कमी असतं, म्हणून जपानात तो म्हाताऱ्यांना नि मुलांनाही देतात. जेवणाबरोबर मात्र कुठलाच चहा नको. अंगातलं लोह शोषायला अडथळा येतो, आणि आपल्या बायकांचं रक्त आधीच कमी. जेवणानंतर तासाभरानं घ्या.

आईंनी वास घेतला. "साखर?"

"नाही आई, याच्यात नसते."

त्यांनी घोट घेतला, जरा थांबल्या, आणखी एक घेतला. पेला रिकामा करून माझ्यापुढे धरला. "तू भाजलास का? बरा लागतोय. अजून आहे?"

होता. पुष्कळ होता. निघताना वहिनींनी अर्धा डबा मला बांधून दिला आणि चांदणी चौकात गाडी येईपर्यंत दोनदा बजावलं, "मसाल्याच्या फळीवर ठेवू नकोस हं. आणि दिवाळीची वाट बघू नकोस."