तिसरी तार

सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सक्तीची झाली आणि धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मास्तरांच्या घरोघरी संगणक आले. कळंबच्या एका गुरुजींनीही घेतला. सुटे भाग आणून जुळवलेला, पेंटियम फोर, विंडोज एक्सपी. मॉनिटरवर घरीच शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर.

पहिल्याच उन्हाळ्यात तो बंद पडू लागला. निकालपत्रक अर्ध्यावर आलं की पडदा निळा! मेकॅनिक यायचा, 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारू' म्हणायचा, पैसे घेऊन जायचा. चार दिवस बरे, पुन्हा तेच. फॉरमॅट म्हणजे त्या काळी सगळ्या दुखण्यांवरचा एकच काढा.

पेंटियम फोर मुळातच तापट. त्यात मे महिन्यात इकडचा पारा चाळिशीपार. गुरुजींनी डबा उघडला तर प्रोसेसरच्या पंख्याखालची ॲल्युमिनियमची पाती धुळीने गच्च भरलेली. फार तापलं की यंत्र जळू नये म्हणून आपण होऊन बंद होतं. त्याला बिघाड म्हणणं अन्यायाचंच. ब्रश फिरवला, सुकलेली थर्मल पेस्ट बदलली, दुपारचं बंद पडणं थांबलं.

निळा पडदा मात्र हटेना. मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले आणि दोन्ही कडांना 'कट्' वाजेपर्यंत दाबून बसवली. तोही गेला.

पुढे लोडशेडिंगने छळलं. वीज नावाला २३० व्होल्ट. शेतीपंप सुरू झाले की दाब उतरायचा, लाइट परत येताना झटका बसायचा. मदरबोर्डवरच्या काही कपॅसिटरांची डोकी फुगली. अर्थात सगळं खापर कळंबच्या लाइटवर फोडता येत नाही, त्या वर्षांत सदोष कपॅसिटरांचे मदरबोर्ड जगभर विकले गेले होते.

डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याकडे मात्र कुणी लक्षच दिलं नव्हतं. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधला बारीकसा गळता प्रवाह आर्थिंगमधून जमिनीत उतरायला हवा. इथे स्विचबोर्डातली तिसरी तार कुठेच जोडलेली नव्हती. अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की त्यात बादलीभर पाणी ओतावं लागे. मुंग्या गेल्या.

८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. गुरुजींचा पेंटियम त्यानंतरही चालत होता.

नवं घर बांधत असाल तर वायरमनला एवढं विचाराच: हिरवी तार खरंच जमिनीत गेलीय, की बोर्डामागे गुंडाळून ठेवलीय?