बिनसाखरेची बिस्किटं

चि. मृदुला,



नानकटाईच्या कृतीतली साखर काढायची, जागी मीठ-जिरं घालायचं, की झाली खारी बिस्किटं, असा सर्वसाधारण समज आहे. मग ती दातांना चिवट लागली की खापर फुटतं ओव्हनवर. माझं म्हणणं असं, की साखर बिस्किटात नुसती गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, मैद्याला ते पुरेसं मिळू देत नाही, त्यामुळे ग्लूटेनची चिवट जाळी कमी तयार होते. भाजताना चढणारा रंगही बराचसा तिचाच. तिला रजा दिलीस, तर ही कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवायला हवीत.

खुसखुशीतपणा तुपावर सोपव. खाऱ्या शंकरपाळ्यांच्या मोहनाची परीक्षा इथेही चालते: तूप चोळलेल्या मैद्याचा मुठीत मुटका वळावा आणि बोटाने दाबताच फुटावा. २५० ग्रॅम मैद्याला शंभरेक ग्रॅम तूप पुरतं. बटर का नको, असं विचारशील. विकतच्या बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. गोड बिस्किटात ते खपून जातं, इथे थेट मैद्याला जाऊन मिळतं. मग तूपच वाढवू म्हणशील, तर तशी बिस्किटं उचलतानाच मोडतात आणि डब्यातला कागद तेलकट करतात. पीठ थंड दुधाने जेमतेम गोळा होईल इतकंच भिजव, मळत बसू नकोस. कणीक घेतलीस तर दूध थोडं जास्त लागेल, कोंडा पाणी पितो.

रंगाचं काम मात्र कुणालाच पुरतं जमत नाही. सोडा वाढवून रंग येतो, पण साबणासारखी चवही येते. तेव्हा रंगावर विसंबूच नये. अर्ध्या सेंटिमीटरहून पातळ लाटून, काट्याने टोचून, १६० अंशांवर वीसेक मिनिटं भाजावं आणि मग १२० वर दहा-पंधरा मिनिटं नुसतं वाळवावं. बिस्किट फिकट दिसेल, दिसू दे. मोडल्यावर मधोमध ओलसर पट्टा नसला म्हणजे झालं.

बेकरीच्या जिरा बिस्किटात साखर असतेच, हा आक्षेप खरा आहे, आणि ती गोड-खारट चव चहाबरोबर झकास लागते हेही कबूल. पण नाव जिऱ्याचं असलं तरी कारभार तिथे साखरच बघते. तुला हवंय ते चटणी लावून खाण्यासारखं, ओवा-मिऱ्याचं. त्यात रंगापुरती चमचाभर पिठीसाखर घातलीस तर माझी हरकत नाही, त्यापुढे नको. ओवा हातावर चोळून घाल. वेगळा भाजायची गरज नाही, ओव्हनमध्ये तो भाजला जातोच.

तुझी,
मावशी