औरादच्या गोठ्यांतल्या सायकली

कर्नाटकातल्या औराद तालुक्यात जुनी सायकल शोधायची तर बाजारात जाऊ नये, गोठ्यात जावं. कडब्याच्या गंजीमागे, मोडक्या तिफणीला टेकून ती उभी असते. वर्षावर्षानं एकेक भंगाराच्या काट्यावर चढते. जुन्या सायकली पुन्हा चालत्या करण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांच्यासाठी ही यादी. काय सापडेल, काय दुरुस्त करावं आणि कशाला हात लावू नये.

सांगाडा. काळा, 22 किंवा 24 इंची, आडव्या दांडीचा. रॅले, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावं विलायतेतून आली. मग देशी आली: आसनसोलची सेन-रॅले, वरळीची हिंद, सोनीपतची अ‍ॅटलास. सेन-रॅले आणि हिंद या दोन्ही कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण 1980च्या एकाच कायद्यानं झालं. 1951 साली सुरू झालेल्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, जागतिक सायकल दिनीच, थांबला. रंग उडाला म्हणून सांगाडा लगेच घासायला घेऊ नये. धुळीखाली सोनेरी रेघा असतात, त्या कारखान्यात हातानं ओढलेल्या आहेत. रॉकेलनं हलकं पुसावं आणि थांबावं.

आटे. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या बऱ्याच भागांवर इंचाला 26 आटे, इतर बहुतेक ब्रिटिश सायकलींवर 24. दुसऱ्या सायकलीचा बेअरिंगचा कप जोर लावून बसवला की सांगाडाच नासतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवूनच पाना लावावा.

कॉटर पिन. क्रँक जागेवर धरणारी तिरकी खिळी. गंजून बसली की रात्रभर तेलात मुरू द्यावी. क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार द्यावा, नट टोकाशी ठेवून एकच नेमका घाव घालावा. घाई केली तर पिन वाकते आणि मग ती छिद्र पाडूनच निघते. आजच्या बऱ्याच सायकलींत बंद पुडीसारखं बेअरिंग येतं, बिघडलं की सगळंच बदलायचं. जुन्या सायकलीत कप, कोन आणि छर्रे सुटे होते. धुऊन, ग्रीस भरून तेच पुन्हा बसत. म्हणूनच गोठ्यात कित्येक वर्षं पडलेली सायकल आजही उठते.

रॉड ब्रेक. हँडलखालून लोखंडी सळ्या जातात. ब्रेकचे रबर रिमच्या कडेला घासत नाहीत, आतल्या बाजूनं वर ओढले जातात. त्यासाठी रिमचा घाटच वेगळा असतो. हा रिम आणि 28 इंची टायर अजून मिळतात, म्हणून आशा आहे.

चाक. जुन्या पद्धतीत पुढच्या चाकाला 32 स्पोक, मागच्याला 40, कारण भार मागे. चाकाचा आऊट काढणारा मिस्त्री ते उलट्या सायकलीवर फिरवायचा, रिमजवळ खडू धरायचा आणि खडू लागेल तिथला निपल पाव फेरा आवळायचा. हे काम बघून शिकता येतं. शिकवणारे हात मात्र म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्या मुलांनी मोटारसायकलींची गॅरेजं काढली.

साल. मागचा हब स्टर्मी-आर्चरचा असेल तर पुसून पाहावा. त्यावर वर्षाचे दोन आकडे आणि महिना ठोकलेला असतो. हब बदललेला नसेल, तर सायकलीचं वय तिथंच लागतं.

बिल्ला. सायकलकर भरल्याची पत्र्याची खूण, हँडलच्या नळीला तारेनं बांधलेली. सापडला तर घासू नये. कुठल्या गावच्या कचेरीत, कुठल्या वर्षी कर भरला, हे त्या पत्र्याशिवाय सांगणारं आता कुणी नाही.

कातडी सीट. बर्मिंगहॅमची ब्रुक्स कंपनी 1866 पासूनची. कातडं बसणाऱ्याचा आकार घेतं. तेलात बुडवलं तर ढिलं पडतं. थोडंच चोळावं आणि नाकाकडचा बोल्ट बेतानं आवळावा. दुसऱ्याच्या बैठकीचा खड्डा आपल्याला टोचला तर दुसरी सीट लावावी, पण ही जपून ठेवावी.

डायनामो. टायरच्या अंगाला घासून चालणारी बाटली, सहा व्होल्टची. चढावर वेग उतरला की उजेडही उतरायचा. बल्ब मिळणं अवघड झालंय, बाटली बहुधा अजून चालते.

तासाची सायकल. भाड्याच्या दुकानात मडगार्डवर रंगवलेला आकडा, वहीत नाव आणि वेळ. पाय पोचत नसलेली पोरं दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकली. असा आकडा सापडला तर त्यावरून रंग फिरवू नये.

नसलेलं मडगार्ड. औरादची जमीन काळी. पावसाळ्यात तो चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा भरायचा की चाक फिरेना. मग काडीनं कोरायचं, नाहीतर सायकल खांद्यावर घ्यायची. कंटाळून शेतकऱ्यांनी पुढचं मडगार्डच काढून टाकलं. पुण्या-मुंबईचा हौशी माणूस ही उणीव समजून नवं लावतो. लावू नये. ते नसणं हाच या मातीचा पुरावा आहे.

दुधाचे आकडे. कॅरियरला दोन्हीकडे वेल्डिंगनं जोडलेले, कॅन अडकवायला. चिमट्याला जादा सळीचा आधार. काही सायकलींवर हबला रंगीत ब्रश, मुठीला गोंडे, सीटला झालरीचं कव्हर, मडगार्डच्या टोकाला रबरी फ्लॅप. सायकल आपल्या मनासारखी करून घेण्याचा छंद आज नवा म्हणून मिरवला जातो. आमच्या दूधवाल्यांनी तो पोटासाठी आणि हौसेसाठी कधीच केला होता.

मूळ रूप. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय 2017 पासून आहे. सायकल कारखान्यातून कशी बाहेर पडली असेल, याचा अंदाज तिथं येतो. तो घ्यायलाच हवा. पण औरादच्या सायकलीला कारखान्यानंतरचंही आयुष्य आहे, आणि ते वेल्डिंगच्या गाठीत, मिस्त्रीच्या रंगात, झिजलेल्या मुठीत आहे. सगळं चकाचक केलं की एक विलायती वस्तू हाती येते आणि औरादची सायकल जाते. म्हणून चालण्यासाठी लागेल तेवढंच बदलावं. सुटं करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावेत, घरच्यांना विचारून सायकल कुणी, कुठून, कशासाठी आणली ते लिहून ठेवावं.

योजनेची सायकल. 2006-07 मध्ये सुरू झालेल्या योजनेत कर्नाटक सरकार आठवीच्या मुलामुलींना सायकली देत होतं; कोविडच्या साथीत वाटप थांबलं. गावात हायस्कूल नसलेल्या मुली या सायकलींवरून पुढं शिकल्या. या साध्या, स्वस्त सायकलींकडे संग्राहक ढुंकून पाहत नाहीत, कारण त्या अजून पुरेशा जुन्या नाहीत. त्याही गोठ्यात पोचल्या आहेत, आणि आज त्यांची मालकीण सांगायला हजर आहे. या यादीतलं पहिलं काम तिथून सुरू करावं.