बांधावरची बोर आणि मावशीच्या मधपेट्या

२६ जानेवारीचे झेंडावंदन आटोपले आणि आम्ही सहकुटुंब धाराशिवच्या स्थानकावर येडशीची एस.टी. धरली. मावसभावाने सफरचंद लावले होते आणि 'एकदा बघून तरी जा' असा त्याचा निरोप होता. बालाघाटाच्या डोंगरात सफरचंद, म्हणजे नवलच! येडशीपासून पुढे पायवाट. एका अंगाला रामलिंग घाटाचे जंगल, दुसऱ्या अंगाला फुललेली करडई. पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या.

भावाची झाडे मोजून वीस. दीड महिन्यापूर्वी पाने हाताने ओरबाडून काढली होती. आता काड्यांवर गुलाबी-पांढरी फुले उमलत होती. काश्मीर-हिमाचलच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते. आपल्याकडे ती कुठली? म्हणून भावाने कमी थंडीच्या जाती आणल्या. त्यातली एचआरएमएन-९९ ही जात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा या शेतकऱ्याने शोधली. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. दुसरी ॲना, मूळची इस्रायलची. तिसरी डॉर्सेट गोल्डन.

"तीन-तीन जाती कशाला?" आम्ही विचारले.

"दादा, ॲनाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणून शेजारी डॉर्सेट."

खरेच आहे. हिमाचलातही रॉयल डेलिशियसमध्ये गोल्डन डेलिशियसची झाडे ठेवतात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या भाड्याने आणतात. डेलिशियसच्या फुलात पुंकेसरांच्या बुडाशी फटी असतात. हुशार माशी बाजूने सोंड घालून मध पिते आणि परागाला न शिवता निघून जाते. माशीचे पोट भरते, बागवानाचे काम राहते. फळात पाच कप्पे, प्रत्येकात बहुधा दोन बिया. परागीभवन अपुरे झाले, बिया कमी भरल्या, की फळ एका अंगाने वाकडे होते.

जेवताना मावशीने खरा विषय काढला. तिच्या बचत गटात अकरा बाया, बहुतेक भूमिहीन. वर्षाची बचत घालून तीन मधपेट्या घ्यायचा त्यांचा विचार. "बाबू, माशीला काय सातबारा लागत न्हाई. घ्याव्या का? आता सफरचंद हाय, डोंगरात सीताफळ हाय."

तिचे म्हणणे आम्हाला पटले. जमीन नसलेल्यालाही करता येईल असा हा धंदा. पण पैसा अकरा घरांचा. आम्ही कारकुनी सवयीने कागद घेतला आणि माशीचा वर्षाचा जमाखर्च मांडला.

सफरचंद : वीस झाडे, फुलोरा दोन-तीन आठवड्यांचा. जमा किरकोळ. सीताफळ : जमा शून्य! त्याच्या जाड पाकळ्या नीट उघडतच नाहीत. परागाचे काम बारीक भुंगेरे करतात, मधमाशीला तिथे काही मिळत नाही. करडई : जानेवारीत चांगली जमा. उन्हाळ्याच्या तोंडाला कडुनिंब आणि करंज. पावसाळ्यात सूर्यफूल, पण त्याचा पेरा आता सोयाबीनने खाल्ला. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोर, पुढे तूर.

बोरीपाशी आमचे बोट थांबले. बोरीचे फूल एवढेसे, हिरवट; पण मध उघड्या ताटलीत वाढल्यासारखा. तिच्यातही जाती आहेत : उमराण, कडाका, मेहरूण. काहींची फुले सकाळी उमलतात, काहींची दुपारनंतर. बऱ्याच जातींना परक्या जातीचा पराग लागतो. म्हणजे गावठी बोरी बांधावर मिसळून असतील, तर माशीचाही फायदा आणि फळाचाही.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "त्या तीन बोरी तर हा तोडायला निघालाय. सफरचंदाला जागा पाहिजे म्हणं."

भाऊ खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

दुपारी आम्ही सारे त्या बोरींखाली गेलो. पोरांनी बोरे वेचली. काट्यांच्या फांदीत फुलोरी माशीचे तळहाताएवढे पोळे लोंबत होते. फुलोरी आणि आग्या या उघड्यावर पोळे बांधणाऱ्या माश्या, त्या पेटीत राहत नाहीत. पेटीत सातेरी किंवा मेलिफेरा पाळतात. आपल्या कोरड्या भागात फुले संपली की मेलिफेराच्या पेट्या दुसरीकडे हलवाव्या लागतात, नाही तर साखरेचा पाक पाजावा लागतो. तो खर्च मावशीच्या हिशेबात नव्हता. शिवाय शेजाऱ्याने भर फुलोऱ्यात सकाळी फवारणी केली, तर तिन्ही पेट्या एका दिवसात रिकाम्या व्हायच्या.

संध्याकाळी बाया जमल्या. बराच वाद झाला. एकीने तर आम्हालाच सुनावले, "साहेब, तुम्ही नोकरदार, भ्या वाटणारच." शेवटी ठरले : आधी दोघींनी प्रशिक्षण घ्यायचे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. त्यानंतर एकच पेटी, वर्षभर वहीत नोंद. शेजाऱ्यांना भेटून फुलोऱ्यात फवारणी टाळायची, अगदीच अडले तर माश्या परतल्यावर सांजेला करायची विनंती करायची. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव जाहीर झाले. तिथे भोवती जंगल आहे. आपल्याकडे जंगलाचे काम बांधाला करावे लागेल.

निघताना भाऊ एस.टी.पर्यंत आला. "दादा, दोन बोरी ठेवतो. तिसरीची सावली पडते झाडांवर."

आम्ही म्हणालो, "तिसरीची छाटणी कर. एप्रिल-मेमध्ये बोर छाटतातच. सावली कमी होईल आणि फळही चांगले येईल."

तो हसला, हो म्हणाला नाही. पण परवा मावशीचा निरोप आला : तिन्ही बोरी उभ्या आहेत.

भगिनींनो, बचतीचा पैसा पेटीत घालण्याआधी आपल्या शिवारात बारा महिने काय फुलते, ते एकदा वहीत लिहून काढा.