अडलेली मोहीम

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात सूत्रधार प्रसंग मांडतो, बाकीचे पात्रे होऊन वाट काढतात. सोलापुरात सूत्रधारपद आमच्याकडे आले, आणि तीन रविवार कागद कोराच! मंडळी पत्त्यांकडे वळू लागली. मग परक्या ड्रॅगनची (तो आमच्या उन्हाळ्यात कसा तगणार, कोण जाणे) साद्यंत कथा रचणे आम्ही सोडले. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. तोच नकाशा घेतला. सातांपैकी एक नंदीध्वज वाटेत दिसेनासा झाला, एवढेच लिहिले. "तैलाभिषेकाचे तेल कोणाकडे होते?" एकाने विचारले. पुढचे दोन तास आम्ही केवळ ऐकत होतो.